वाढदिवसाला गोष्टीचं नाटक: मुलांना सोबत घेऊन ‘भोपळा’ कसा बसवायचा

चार ते सहा वर्षांच्या मुलाचा वाढदिवस म्हटला की जादूगार, टॅटूवाली ताई किंवा माईक घेऊन ओरडणारा गेमवाला दादा, एवढेच पर्याय डोळ्यांसमोर येतात. घरातल्याच चार-पाच माणसांनी मिळून एखादी गोष्ट करून दाखवायची आणि त्यात मुलांनाही ओढायचं, हा आणखी एक पर्याय आहे. खर्च जवळपास नाही, तयारी मात्र लागते. यात मुलं नुसती समोर बसून बघत नाहीत. ती झाडं होतात, पाऊस पाडतात, वाघ आला की म्हातारीला ओरडून सांगतात.

यासाठी स्टेज लागत नाही, पाठांतर लागत नाही, अभिनयही बेताचा असला तरी भागतं. एक गोष्ट मात्र आधी पक्की ठरवावी लागते: मुलं नेमकी कुठे बोलणार, कुठे हलणार आणि कुठे गप्प राहणार. ‘मुलांना घेऊ मध्ये मध्ये’ एवढंच ठरवून उभं राहिलात, तर पाचव्या मिनिटाला वाघाची शेपटी कुणाच्या तरी हातात असते आणि सूत्रधार सगळ्यांना खाली बसा, खाली बसा म्हणत फिरत असतो.

उदाहरणासाठी मी आपली म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घेते. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ माहीत नाही असा मराठी आजी-आजोबा सापडणार नाही, त्यामुळे मदतीला येणाऱ्या कुणालाही गोष्ट समजावत बसावी लागत नाही.

गोष्ट निवडताना

तीन गोष्टी बघा. पुन्हा पुन्हा येणारं एक वाक्य हवं, म्हणजे मुलांना ते दुसऱ्या खेपेपासून म्हणता येतं. गोष्टीत प्रवास किंवा फेऱ्या हव्यात, म्हणजे एकच प्रसंग थोड्या फरकाने तीनदा येतो. आणि पात्रं कमी हवीत.

आपल्या जुन्या गोष्टी या कसोटीला सहज उतरतात, कारण त्या मुळात तोंडी सांगायच्या म्हणूनच तशा घडल्या आहेत. तीन वर्षांच्या मंडळींसाठी काऊ-चिऊ उत्तम. ‘चिऊताई चिऊताई दार उघड’ आणि ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ एवढ्या दोन वाक्यांवर पंधरा मिनिटं आरामात निघतात, आणि दर वेळी चिऊ दाराआड काय करत असेल ते मुलांनाच विचारता येतं. चार ते सहासाठी भोपळा. सात-आठ वर्षांच्या मुलांना भोपळा ‘बेबी’ वाटतो, त्यांना उंदराची टोपी द्या. राजाच्या तोंडावर ‘राजा भिकारी’ म्हणायला मिळतं, याहून त्यांना काय हवं?

सध्या गाजत असलेलं कार्टून घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातलं पात्र कसं दिसतं, कसं बोलतं हे मुलांना फ्रेम न् फ्रेम माहीत असतं. तुमचा चुलतभाऊ निळे कपडे घालून आला की पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘हा खोटा आहे!’ म्हातारी मात्र कुणीही होऊ शकतं.

माणसं

चार लागतात. सूत्रधार, म्हातारी, सगळे प्राणी करणारा एक, आणि चौथा माणूस मुलांमध्ये मांडी घालून बसणारा. हा चौथा फार महत्त्वाचा. तो सगळ्यात आधी झाड होतो, सगळ्यात आधी घोषणा देतो, म्हणजे बाकीच्यांची भीड चेपते. कुणाला शू लागली, कुणी रडवेलं झालं, तर उठवून नेणाराही तोच. बारा-पंधरा मुलांना एक पुरतो, वीसच्या वर मुलं असतील तर असे दोन ठेवा.

म्हातारीसाठी खरीखुरी आजी मिळाली तर सोनं. पण तिला भोपळ्यात शिरून उकिडवं बसायचं आहे, तेव्हा गुडघे विचारात घ्या. गुडघे कुरकुरणारे असतील तर आजीला सूत्रधार करा आणि एखाद्या मावशीला नऊवारी नेसवा. वाढदिवसाच्या मुलाच्या आईने कुठलीही भूमिका घेऊ नये. दर तीन मिनिटांनी कुणीतरी तिला ‘कात्री कुठे आहे’ विचारणार आहे.

सगळ्यांनी एक पथ्य पाळायचं: लाडिक, बोबडा आवाज काढायचा नाही. डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये पुण्यात मराठी ग्रिप्स, म्हणजे मुलांसाठीच्या नाटकांची चळवळ, सुरू झाली. ही चळवळ मूळची बर्लिनची. त्यातल्या नाटकांत मोठी माणसंच लहान मुलांची कामं करतात आणि तरीही समोरच्या मुलांना ती पटतात, कारण ती मुलांची नक्कल करत नाहीत, त्या मुलाच्या अडचणीत खरोखर शिरतात. म्हातारीलाही खरंच वाघाची भीती वाटली पाहिजे. मग कंबरेत वाकणं आणि थरथरता आवाज थोडा कमी जमला तरी कुणी विचारत नाही.

वेळ आणि जागा

पाचचं बोलावणं असेल तर मुलं पावणेसहापर्यंत येत राहतात. तोवर त्यांना खडू-कागद द्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर झाडं काढायला लावली तर तीच मागे चिकटवून जंगल होतं. सगळे आले की गोष्ट, साधारण पंचवीस मिनिटं, आणि गोष्टीला लागूनच केक. केकनंतर नाटक ठेवू नका. केक कापला गेला की मुलांच्या लेखी कार्यक्रम संपलेला असतो आणि डोळे रिटर्न गिफ्टच्या पिशव्यांकडे लागतात.

घरातला हॉल पुरतो. सेंटर टेबल आत ढकला, सतरंजी घाला, मुलांना नालाच्या आकारात बसवा. सतरंजीपुढे जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची रेघ मारा आणि ती नदी आहे असं जाहीर करा. नदी बोलावल्याशिवाय ओलांडायची नाही, हा नियम मुलांना लगेच पटतो. ‘पुढे येऊ नका’ हे मात्र कधीच पटत नाही. गच्ची किंवा सोसायटीचं मैदान टाळा, आवाज उडून जातो आणि निम्मी मुलं सायकलींकडे बघत बसतात. क्लबहाऊस घेतलंत तर आवाज घुमतो, तेव्हा सावकाश बोला आणि मुलांना भिंतीलगत कोपऱ्यात बसवा. पालकांच्या खुर्च्या मुलांच्या मागे, लांब.

भोपळा

सामानातली खरी मेहनत एवढीच. हुलाहूपच्या दोन सारख्या रिंगा घ्या आणि एक जुनी केशरी किंवा पिवळी साडी. साडीची लांबी साधारण साडेपाच मीटर असते, त्यामुळे रिंगेभोवती दोन वेढे आरामात बसतात आणि आतलं दिसत नाही. एक काठ वरच्या रिंगेला, दुसरा खालच्या रिंगेला मोठ्या मोठ्या टाक्यांनी शिवून टाका. पिना लावू नका, आत बसणाऱ्याला टोचतात आणि ऐन वेळी सुटतात. झाला कापडी नळा. खाली सोडला की तो चपटा होऊन जमिनीवर पडून राहतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हातारी त्यात पाऊल टाकते, वाकून वरची रिंग उचलते आणि मुलांच्या डोळ्यांदेखत भोपळा उभा राहतो. रिंग छातीपर्यंत येते. लपायचं तेव्हा म्हातारी खाली बसते आणि रिंग डोक्यावर धरते. चालायचं तेव्हा उभी राहून बारीक उड्या. साडी पायात येऊ नये म्हणून दुसऱ्या हाताने खालची रिंग घोट्याच्या वर उचलून धरायची, हे आधी दोन-चारदा करून बघा.

प्राण्यांना मुखवटे नकोत. मुखवट्यामागे माणसाचा चेहरा नाहीसा होतो आणि चार वर्षांचं मूल तिथेच बिथरतं. हेअरबँडला चिकटवलेले पुठ्ठ्याचे कान आणि कंबरेला खोचलेली ओढणी पुरे. तेही मुलांसमोरच चढवायचं. ‘मी आता वाघ होणार आहे. शेपटी नीट आहे ना बघा,’ असं म्हणून शेपटी खोचणाऱ्या काकाला कुणी घाबरत नाही, उलट शेपटी सरळ करायला दोघं-तिघं पुढे येतात.

आवाजासाठी चालायला दोन करवंट्या, एक खंजिरी, आणि मूठभर तांदूळ घातलेला डबा. डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी मारा. वयाने लहान भावंडंही आलेली असतात आणि सांडलेला प्रत्येक दाणा त्यांच्या तोंडात जातो. सजावटीचे फुगे नाटकाच्या जागेपासून लांब बांधा. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, आणि शिवाय वाघ येण्याच्या क्षणी फुगा फुटला तर तुमचं नाटक तिथेच संपलं.

सहभागाच्या जागा

सुरू करण्याआधी सूत्रधाराने एकच खूण शिकवायची. खंजिरीवर एक थाप पडली की स्टॅच्यू. हा खेळ मुलांना येतोच. दोन-तीनदा गंमत म्हणून करून घ्या. पुढची पंचवीस मिनिटं तुमच्या हातातलं हे एकमेव हत्यार आहे, ‘शांत बसा’ असं एकदाही म्हणावं लागू नये.

मग जंगल. ‘म्हातारी लेकीकडे निघाली. वाटेत मोठं जंगल. कुठंय जंगल? मला तर सोफाच दिसतोय.’ मुलं उभी राहून झाडं होतात, बोटांची पानं होतात. डावीकडच्यांनी वारा करायचा, उजवीकडच्यांनी पाऊस. पाऊस असा: एका बोटाने तळहातावर टप टप, मग दोन बोटांनी, मग चार, मग दोन्ही हात मांड्यांवर. त्याच क्रमाने उलटं आलं की पाऊस थांबतो आणि खोलीही आपोआप शांत होते.

यानंतर मुलांना एक प्रश्न विचारा: म्हातारीने शिदोरीला काय घ्यावं? ‘पिझ्झा’, ‘चकली’, ‘डायनासोर’. काहीही सांगितलं तरी म्हातारी ते गाठोड्यात घातल्याचं करते. डायनासोर कोंबताना तिची दमछाक होते. आणि पुढे लेकीकडे पोचल्यावर गाठोडं सुटतं तेव्हा नेमक्या याच वस्तू निघाल्या पाहिजेत. आपण सांगितलेला पिझ्झा लेकीने खाल्ला हे बघणाऱ्या मुलाला कळतं की इथे आपलं खरोखर ऐकतात. म्हणून तीनच उत्तरं घ्या, म्हणजे लक्षात राहतात.

कुठल्याही उत्तराने गोष्ट अडणार नाही, असेच प्रश्न विचारायचे. ‘म्हातारीने जंगलात जावं का?’ असं विचारलंत आणि मुलं ‘नको!’ म्हणाली, तर काय करणार? ‘वाघाने हिला खावं का?’ याला ‘हो’ म्हणणारा एक तरी महाभाग असतोच.

आता प्राणी. क्रम लहानाकडून मोठ्याकडे ठेवा: कोल्हा, अस्वल, वाघ. कोल्हा गोडबोल्या, अस्वल झोपाळू, वाघ भुकेने कळवळलेला. प्रत्येक वेळी प्राणी म्हातारीच्या पाठीमागून येतो. मुलं ओरडणारच, त्यांना सांगावंही लागत नाही. इथे म्हातारीला थोडं कमी ऐकू येतं, असं करा.

‘आज्जी, कोल्हा!’
‘कोल्हापूर? नाही रे बाळा, मला कोल्हापूरला नाही जायचं, लेकीकडे जायचंय.’
‘कोल्हाऽऽ!’

पुढे वाघाच्या वेळी ‘वांगं? नको बाई, मला वांगं सोसत नाही.’ घराघरातली आजी असंच काहीतरी बोलत असते, त्यामुळे मागे बसलेले मोठेही हसतात. तिसऱ्या हाकेला म्हातारीने वळून बघायचंच. त्याहून ताणलं तर उत्साही मुलं नदी ओलांडून तिला हाताने वळवायला येतात.

वाघाचा प्रवेश टप्प्याटप्प्याने करा. आधी नुसता पोटातला गुडगुड आवाज, मग पडद्याआडून शेपटी, मग वाघ. आल्या आल्या त्याने खाली बसायचं, मुलांच्या डोळ्यांच्या पातळीखाली. आणि नदी वाघही ओलांडत नाही, हे सूत्रधाराने आधीच जाहीर केलेलं असावं.

म्हातारीचं ठरलेलं उत्तर सगळ्यांनी मिळून म्हणायचं: ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन, मग मला खा!’ घरोघरी शब्द थोडे वेगळे असतात, तुमच्या घरात चालत आलेले घ्या. हातांच्या खुणा जोडा, ‘लठ्ठ’ला गाल फुगवायचे. पहिल्या खेपेला सूत्रधार आणि मुलांमध्ये बसलेला माणूस म्हणतात, दुसऱ्या खेपेला मुलं मिसळतात, वाघापाशी म्हातारीने नुसतं ‘लेकीकडे…’ म्हणून थांबायचं. कीर्तनकार बुवा हेच करतात. श्रोते पेंगायला लागले की ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणायला लावतात आणि सभा पुन्हा ताब्यात येते.

परतीचा प्रवास

इथे इंजिन मुलं आहेत. त्यांनी मांड्यांवर ठेका धरून ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ म्हटलं तरच भोपळा हलतो, थांबली की भोपळा थांबतो. मग सूत्रधार हळूच म्हणायला लावतो, भोपळा हळू जातो. जोरात, तर भोपळा सैरावैरा. मुलांना हा खेळ इतका आवडतो की त्याला मुद्दाम तीन-चार मिनिटं ठेवा.

वाटेत वाघ मुलांनाच विचारतो, ‘काय रे, भोपळ्यात म्हातारी आहे का?’ बहुतेक मुलं बेंबीच्या देठापासून ‘नाऽऽही!’ म्हणतात. पण प्रत्येक वाढदिवसाला एक सत्यवादी हरिश्चंद्र असतो. तो शांतपणे सांगतो, ‘हो, आहे आत.’ वाघाने तयार असावं. त्याने पोट धरून हसायचं: ‘मला बनवतोस? भोपळ्यात कधी माणूस असतो का! बिया असतात बिया!’ खरं बोललेल्या मुलाचा अपमान होत नाही आणि म्हातारीही वाचते. आतून म्हातारी ओरडतेच, ‘म्हातारी बितारी मला नाही ठाऊक!’

तालीम

दोनदा पुरे. एक आदल्या रविवारी, एक त्याच दिवशी दुपारी. संवाद पाठ करू नका. कोण कुठून येणार, भोपळा कुठे पडलेला असणार, कान कुठल्या खुर्चीवर ठेवलेत, आणि मुलांच्या सहभागाच्या जागा कुठल्या क्रमाने येतात, एवढं पक्कं करा. या जागा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा. तालमीत मुलं नसतात, त्यामुळे पंधरा मिनिटांत सगळं उरकतं. घाबरू नका, प्रत्यक्षात पंचवीस होतातच.

नाचायला-बागडायला अगदीच संकोच वाटत असेल तर चित्रकथीची वाट धरा. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलाकार एकामागून एक चित्रं पुढे धरत, गात-वाजवत गोष्ट सांगतात. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तुम्हीही आठ-दहा मोठी चित्रं काढून बसल्या जागी गोष्ट सांगू शकता. सहभागाच्या जागा त्याच राहतात, फक्त भोपळा कागदावरचा.

हमखास येणाऱ्या अडचणी

ज्याचा वाढदिवस त्याला मुख्य भूमिका द्यायची, असं आजोबा सुचवतील. तसं करू नका. त्या संध्याकाळी ते मूल आधीच भांबावलेलं असतं. त्याला खंजिरीची थाप द्यायचं काम द्या, म्हणजे सगळं जंगल त्याच्या एका थापेवर स्टॅच्यू होतं. नको म्हणालं तर आग्रह नाही.

रडणाऱ्या मुलाला ‘घाबरतोस काय, तो तर काका आहे’ असं सगळ्यांदेखत म्हणू नका. पाठीमागे आईपाशी जाऊ द्या, थोड्या वेळाने ते आपणहून सरकत पुढे येतं. ‘मला माहितीये पुढे काय होतं’ म्हणणाऱ्याला गप्प करू नका. त्याला म्हणा, ‘तू आमचा वाटाड्या, पण वाघाला कळू देऊ नकोस.’ लाजरी मुलं काही म्हणत नसली तरी बहुधा बोटांनी पाऊस पाडत असतात. तेवढा सहभाग पुरे.

इंग्रजी माध्यमातली, बंगळुरूत किंवा परदेशात वाढणारी मराठी मुलं असतील, किंवा शेजारची गुजराती-तमिळ मंडळी, तर निवेदन मिश्र भाषेत करा, पण ठरलेली वाक्यं मराठीतच राहू द्या. ‘टुणूक टुणूक’ला भाषांतर लागत नाही.

पालकांचे मोबाईल ही सगळ्यात चिवट अडचण. ‘बेटा, इकडे बघ’ अशी एक हाक आली की जंगलातलं एक झाड गळतं. सुरुवातीलाच सांगा की एकच जण व्हिडिओ काढेल आणि ग्रुपवर टाकेल.

केककडे

भोपळा म्हातारीच्या घरी पोचतो, ती साडी खाली सोडून बाहेर येते आणि म्हणते, ‘लेकीने खाऊ दिलाय, पण तो पलीकडच्या खोलीत आहे. तिथवर भोपळा कोण नेणार?’ मुलं एकामागे एक रांग लावतात, खांद्यावर हात, आणि टुणूक टुणूक करत केकपाशी. वाघ रांगेत शेवटी. टाळ्या, आभार, वाकून नमस्कार हे सगळं गाळलं तरी चालतं.

केक खाऊन झाला की मुलांना भोपळ्यात शिरायचं असतं, आणि तेव्हा भांडण होतं. एका वेळी दोघं, बाकीच्यांनी ठेका धरायचा, आणि रिंग धरायला जवळ एक मोठं माणूस. टाके या वेळेपर्यंत उसवायला लागलेले असतात, तेव्हा सुई-दोरा हाताशी ठेवा.